वाचकांचे प्रश्न : बर्फाचा उतार आणि परतीचे तिकीट

दिवाळी संपली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हिमालयातील हिवाळी पदभ्रमणाची चौकशी करणारी पत्रे येऊ लागतात. थंडीचे कपडे, विरळ हवा आणि खर्च यांविषयीची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. या वेळी फक्त हिमस्खलनाविषयीचे प्रश्न घेतले आहेत, कारण याच विषयाची आपल्याकडील माहिती सर्वांत तोकडी आहे आणि याच विषयातील गाफीलपणा जिवावर बेततो.

प्रश्न : आमच्या गिरिभ्रमण मंडळातील आठ जण जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठ्याला जाणार आहोत. तोरणमाळ, अस्तंबा, साल्हेर, मांगी-तुंगी हा सगळा भाग आमच्या पायाखालचा आहे आणि आमच्यापैकी काहींनी मे महिन्यात हिमालयही पाहिला आहे. एवढा अनुभव पुरेसा मानावा काय? एखादा उतार सुटणार आहे, हे आधी ओळखता येते काय? (एक वाचक, धुळे)

उत्तर : आपला अनुभव चालण्याच्या कामी नक्की येईल. दमसास, पाठीवरच्या ओझ्याची सवय, सोबत्याकडे लक्ष ठेवणे हे सातपुड्यात शिकलेले तिथेही उपयोगी पडते. बर्फाच्या उताराची पारख मात्र त्यातून येत नाही. सातपुड्यातील धोका बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो : निसटता मुरूम, शेवाळलेला कातळ, नाल्याला आलेले गढूळ पाणी. बर्फात ज्या थरावर सगळे अवलंबून असते तो वरच्या बर्फाखाली गाडलेला असतो, त्यामुळे कालपर्यंत शेकडो माणसे ज्यावरून गेली तोच उतार आज सुटू शकतो. केदारकंठ्याची वाट सोपी समजली जाते आणि हंगामात तिथे मोठी गर्दी असते. तरीही पुढे उमटलेल्या पावलांवरून बर्फ पक्का असल्याचा निष्कर्ष काढू नये.

हा धोका तयार कसा होतो, ते नीट समजून घ्यावे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला बर्फ पातळ असतो. तळाशी जमिनीची ऊब असल्यामुळे तेथील तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, तर निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे दहा-पंधरापर्यंत उतरतो. दर दहा सेंटिमीटर जाडीमागे एक अंशाहून अधिक फरक पडू लागला की बर्फातील वाफ खालून वर सरकते आणि तळाच्या कणांचे मोठ्या, कोनदार, एकमेकांना न चिकटणाऱ्या दाण्यांत रूपांतर होते. असा बर्फ मुठीत कितीही दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. पुढे भूमध्य समुद्राकडून सरकत आलेला एखादा जोरदार पश्चिमी विक्षोभ एक-दोन दिवसांत त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ टाकतो आणि वारा तो दाबून त्याची सलग लादी करतो. खळ्यावर पसरलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी तिरकी ठेवावी, तशी ही अवस्था असते. माणसाचा भार त्या दाणेदार थरापर्यंत पोहोचला की थर खचतो, तडा क्षणार्धात दूरवर धावतो आणि लादी त्या माणसासह सुटते. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या या बर्फापासून पळून सुटका करून घेणे शक्य नसते. बर्फात गाडल्या गेलेल्या लोकांच्या दहापैकी सुमारे नऊ घटनांत लादी त्या माणसाने किंवा त्याच्याच गटातील कोणीतरी सुटवलेली असते, असे अनेक देशांतील नोंदी सांगतात. याचाच अर्थ असा की, हा धोका टाळणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

टाळण्याची पहिली किल्ली म्हणजे उताराचा कोन. अशा लाद्या प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि ३८ अंशांच्या आसपास त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फार साठतच नाही, तर २५ अंशांखाली तो सहसा सुटत नाही. कोन मोजण्यासाठी मोबाइलमधील उतारमापक चालतो, पण थंडीत बॅटरी दगा देते, म्हणून चालण्याच्या दोन काठ्यांनी तो मोजायला शिकावे. दोन्ही काठ्या सारख्या लांबीच्या कराव्यात. एक काठी आडवी, अगदी समपातळीत धरून तिचे एक टोक उताराला टेकवावे आणि दुसरे टोक दरीच्या बाजूला हवेत ठेवावे. त्या मोकळ्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली बर्फापर्यंत सोडावी. दुसऱ्या काठीची पूर्ण लांबी लागली, तर उतार ४५ अंशांचा आहे. अर्धीच लागली, तर तो सुमारे २७ अंशांचा आहे. काठी १२० सेंटिमीटरची असेल आणि खालचे अंतर ७० सेंटिमीटरच्या आसपास भरत असेल, तर आपण तीस अंशांवर म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर उभे आहोत. याचा सराव धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारावरही करता येईल आणि तो जाण्यापूर्वी अवश्य करावा. मात्र आपण स्वतः सौम्य उतारावर आहोत, एवढ्याने निश्चिंत होऊ नये. डोक्यावरचा उतार तीव्र असेल, तर वरून सुटलेला बर्फ सपाटीपर्यंत येतो आणि पायथ्याशी चालणाऱ्याच्या भारानेही वरची लादी सुटू शकते.

दुसरी किल्ली म्हणजे मागील तीन दिवस. किती बर्फ पडला, वारा कोणत्या दिशेने वाहिला, तापमान अचानक चढले काय, या तीन गोष्टी रोज वहीत लिहाव्यात. एका दिवसात ३० सेंटिमीटर म्हणजे साधारण एक फूट नवा बर्फ आणि सोबत वारा, एवढे असले तरी तीव्र उतार वर्ज्य समजावेत. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला टाकतो, त्यामुळे बर्फ न पडताही काही तासांत तिथे धोकादायक लादी तयार होते. अशा धारांवर बर्फाचे छज्जे बाहेर आलेले असतात. ते अपेक्षेपेक्षा बरेच मागून तुटतात, म्हणून छायाचित्रासाठी त्यांच्या टोकाकडे जाऊ नये.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उतार केव्हा सुटेल, हे कोणीही सांगू शकत नाही. तो सुटण्याच्या तयारीत असल्याच्या काही खुणा मात्र असतात. शेजारच्या तशाच उतारावर ताजे हिमस्खलन झालेले दिसणे, पाऊल टाकताच बर्फाखालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे आणि पायापासून तडे लांब धावणे, या तीन खुणांपैकी एकही आढळली तरी आलेल्या वाटेने मागे वळावे. त्या ‘धप्प’ आवाजाचा अर्थ आतला थर तिथे खचलेला आहे आणि केवळ उतार कमी असल्यामुळे आपण बचावलो आहोत, असा होतो. जाणकार मंडळी सुरक्षित जागी फावड्याने खड्डा खणून थर तपासतात. खड्ड्याची भिंत गुळगुळीत करून तिच्यात आधी मूठ, मग चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल आणि शेवटी चाकू घालून पाहतात. वरच्या थरात पेन्सिलच शिरते आणि त्याच्या खाली एकाएकी अख्खी मूठ आत जाते, असे आढळले तर तो खालचा थर धोक्याचा असतो. हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे आणि एका जागी खणलेला खड्डा उरलेल्या उताराची हमी देत नाही. चांगला खड्डा पाहून पुढे जाण्याचे धाडस करू नये, वाईट खड्डा पाहून मागे फिरावे, एवढाच त्याचा उपयोग आपल्यासारख्यांनी करावा.

डीआरडीओची चंडीगड येथील डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. हे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार असतात. ते रोज पाहावेत. पण एका जिल्ह्यात हजारो उतार असतात, म्हणून आपल्या वाटेवरच्या उताराचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

आपण परतीच्या तिकिटाविषयी काही लिहिलेले नाही, तरी मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. खान्देशातून जाणारे गट बहुधा दिल्लीहून भुसावळ किंवा जळगावपर्यंतचे आरक्षण आधीच करून ठेवतात, रजाही दिवस मोजून घेतलेली असते आणि त्यामुळे बर्फ पडून थांबला की दुसऱ्याच सकाळी शिखराकडे निघण्याची घाई होते. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला निरभ्र दिवस फार मोहक असतो, पण तोच सर्वाधिक धोक्याच्या दिवसांपैकी एक असतो. नवा बर्फ बसायला निदान एक-दोन दिवस लागतात आणि तळाशी दाणेदार थर असेल तर धोका कित्येक आठवडे टिकतो. म्हणून कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत. किती बर्फ पडला तर वर जायचे नाही, हे घरीच ठरवून आठही जणांनी कागदावर लिहावे आणि त्या कागदाला धरून राहावे. उतारावर पोहोचल्यावर, शिखर समोर दिसत असताना, असा निर्णय घेणे फार कठीण जाते. नाही म्हणण्याचा अधिकार गटातील सर्वांत नवख्या माणसालाही असावा.

प्रश्न : डोंगरात मोठ्याने ओरडल्याने बर्फ कोसळतो, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते खरे आहे काय? (एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : नाही, भाऊ. माणसाच्या आवाजाचा बर्फावर पडणारा दाब इतका क्षुल्लक असतो की, त्याने लादी सुटत नाही. लादी सुटते ती माणसाचे वजन, नव्या बर्फाचा भार, पाऊस, वाढती ऊब किंवा स्फोटासारखा जबर धक्का यांमुळे. या समजुतीमुळे एक नुकसानही होते. उताराखालून जाणारे काही गट आवाज टाळण्यासाठी एकमेकांना हाक देत नाहीत आणि मग वरून बर्फ येताना एकाने पाहिला, तरी बाकीच्यांना वेळेत कळत नाही. हिमस्खलन दिसताक्षणी जिवाच्या आकांताने ओरडावे.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत तो मित्रांसोबत एका खासगी संस्थेमार्फत बर्फातील ट्रेकला जाणार आहे. मी त्याला अडवू इच्छित नाही, पण जीव टांगणीला लागला आहे. आम्ही पालकांनी त्या संस्थेला नेमके काय विचारावे? (एक आई, शिरपूर)

उत्तर : ताई, आपण अडवत नाही आणि विचारता आहात, हे फार योग्य केले. ‘सुरक्षित आहे ना?’ असे विचारले तर ‘हो’ हेच उत्तर मिळते, म्हणून ज्याचे उत्तर माहितीनेच द्यावे लागेल असे विचारावे. वाटेत तीस अंशांहून तीव्र उतार कुठे आहे आणि तो कोणत्या वेळी ओलांडतात? जास्त बर्फ पडला तर पर्यायी वाट कोणती? मागील हंगामात किती तुकड्या शिखर न गाठता परत आणल्या? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे अभिमानाने मिळाले, तर मी त्या संस्थेकडे मुलाला पाठवणार नाही. परत येणे ज्यांच्या हिशेबात बसत नाही, त्यांच्याकडे खराब हवामानासाठी योजना नसते.

गटप्रमुखाचे प्रशिक्षण कुठे झाले, हेही विचारावे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा संस्थांत मूलभूत आणि प्रगत अभ्यासक्रम असतात. प्रशिक्षण म्हणजे अभयदान नव्हे, हेही मनात असू द्यावे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहण संस्थेचीच प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि दोघे बेपत्ता राहिले. हे आपल्याला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. जाणत्या माणसांनाही जिथे निसर्गापुढे हात टेकावे लागतात, तिथे पुस्तकी आत्मविश्वासावर स्वस्तातला ट्रेक चालवणाऱ्यांपासून दूर राहावे, एवढेच सांगायचे आहे. तंबू कुठे लावतात, हाही चांगला प्रश्न आहे. नाल्याच्या तोंडाशी पसरलेल्या पंख्यासारख्या मोकळ्या जागेत किंवा एकाच दिशेने झाडे मोडलेल्या पट्ट्यात तंबू नसावा, कारण तो बर्फाचा नेहमीचा रस्ता असतो.

मुलाशी बोलताना ‘जाऊ नको’ म्हणण्याऐवजी ‘न जमल्यास परत ये, पैसे गेले तरी चालतील’ असे आपण स्वतः स्पष्ट सांगावे. घरातून मिळालेली ही मोकळीक त्याला ऐन वेळी मित्रांच्या आग्रहापेक्षा बळ देईल.

प्रश्न : बर्फात गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी बीकन नावाचे यंत्र मिळते. ते महाग आहे. प्रत्येकाने घ्यावे की गटात एक पुरे? परदेशातील नातेवाईक उपग्रह फोन पाठवायला तयार आहेत, तो न्यावा काय? (दोन मित्र, चाळीसगाव)

उत्तर : गटात एकच बीकन असणे म्हणजे नसल्यासारखेच आहे. ४५७ किलोहर्ट्झ या ठरावीक वारंवारितेवर हे यंत्र संदेश पाठवते आणि गाडलेल्याचा संदेश वर असलेल्याच्या यंत्राने पकडायचा असतो, म्हणून ते प्रत्येकाच्या अंगावर आणि चालू असले पाहिजे. सोबत प्रत्येकाकडे घडीची लांब शोधसळई आणि धातूचे फावडे हवे. हिमस्खलन थांबताच बर्फ इतका घट्ट बसतो की, हातांनी तो उकरता येत नाही.

या साधनांची गरज वेळेच्या गणितावरून कळते. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जण वाचले. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण तिघांत एकावर येते किंवा त्याहूनही घसरते, कारण माणूस मुख्यतः गुदमरून दगावतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्तेबांधणीचे ५४ कामगार बर्फाखाली सापडले आणि त्यांतील ४६ जण वाचले. पण अनेक जण राहण्याच्या लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि लष्कराचे जवान जवळच होते. ट्रेकच्या वाटेवर मदत पोहोचायला कित्येक तास लागतात, म्हणून वाचवणारे हात सोबत्यांचेच असतात. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवावी, वरचा उतार पुन्हा सुटणार नाही ना हे पाहावे आणि सर्वांनी त्या जागेच्या खालच्या बाजूस शोध सुरू करावा. मदत आणायला लगेच माणूस धाडून शोधणारे हात कमी करू नयेत. स्वतः सापडलात तर काठ्या सोडाव्यात, कडेला निसटण्याची धडपड करावी आणि वेग मंदावताच दोन्ही हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी करावी. बर्फ थांबल्यावर हात हलवता येत नाहीत.

यंत्र घेतले आणि सराव केला नाही, तर ते खिशातले ओझे ठरते. गिरणेच्या वाळूत चालू बीकन पिशवीत घालून पुरावे आणि घड्याळ लावून शोधावे. पाच मिनिटांत सापडेपर्यंत सराव चालू ठेवावा. त्यानंतरही हे लक्षात असू द्यावे की, दगडावर आपटून किंवा दरीत फेकले जाऊन होणारे मृत्यू कोणतेही यंत्र टाळत नाही. यंत्र जवळ आहे म्हणून ज्या उतारावर एरवी गेला नसता त्यावर जाऊ नये.

उपग्रह फोन मागवू नये. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना तो बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावरच अटक झाल्याची उदाहरणे आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही शिक्षक मंडळी हिमाचलातील सार पासला जाणार आहोत. तिथे पहाटे अंधारात निघायला लावतात, असे ऐकले. उन्हाळ्यात हिमस्खलनाचा धोका नसतो, मग ही घाई कशासाठी? (एक शिक्षिका, जळगाव)

उत्तर : ताई, धोका असतो, फक्त त्याची जात बदललेली असते. रात्री गोठलेला बर्फ पहाटे कडक असतो. ऊन चढले की त्यात पाणी मुरते, कणांमधली बांधणी सुटते आणि ओला, जड बर्फ घसरू लागतो. हा बर्फ तुलनेने सावकाश येतो, पण त्याच्या वजनापुढे माणूस टिकत नाही. आधी पूर्वेकडचे आणि मग दक्षिण-पश्चिमेकडचे उतार तापतात. म्हणून चार हजार मीटरच्या वरचा भाग दुपारपूर्वी ओलांडून खाली यायचे असते. पाऊल घोट्याच्या वर रुतू लागले किंवा वरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, की त्या उतारावरची वेळ संपली असे समजावे. रात्री आभाळ ढगाळ राहिले तर बर्फ नीट गोठत नाही, मग पहाटे निघूनही उपयोग होत नाही. अशा दिवशी गटप्रमुखाने थांबायला सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नये.

नाल्यांवरचे बर्फाचे पूल याच दिवसांत आतून पोखरलेले असतात. खालून पाण्याचा आवाज येत असेल, तर एकेकाने, मार्गदर्शकाच्या पावलांवरून आणि पाठपिशवीचा कमरपट्टा सैल करून ओलांडावे. उतरताना बसून घसरण्याची अनेकांना हौस असते. खाली दगड किंवा दरी नाही याची खात्री मार्गदर्शकाने केल्याशिवाय आणि बुटांना लावलेले काटे काढल्याशिवाय घसरू नये, नाहीतर पाय मोडतो.

प्रश्न : आम्ही ट्रेकर नाही. एप्रिलमध्ये आई-वडिलांना घेऊन गाडीने सिक्कीमला, नथुलापर्यंत जायचे आहे. आम्हाला या विषयाची काळजी करण्याचे कारण आहे काय? (एक कुटुंब, नंदुरबार)

उत्तर : थोडे आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या याच रस्त्यावर बर्फ कोसळून सात पर्यटकांचा मृत्यू झाला. पर्यटक बर्फ दिसला की गाडीतून उतरतात, मुले उतारावर चढतात आणि वडीलधारी मंडळी खाली उभी राहून छायाचित्रे काढतात. नेमका तोच उतार वरून भरलेला असू शकतो. रस्ता बंद असल्याचे कळले, तर जास्तीचे पैसे देऊन कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नये. नव्या बर्फानंतर किंवा पावसानंतर निदान एक-दोन दिवस थांबून मगच निघावे आणि आई-वडिलांना बर्फ पाहायचा असेल तर रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना उंच उतार नसलेली जागा चालकाला आधीच सांगून ठेवावी. उताराखालच्या अरुंद वळणावर गाड्या खोळंबल्या, तर सर्वांनी गाडीतच थांबावे.